घरबांधणी परवान्यांची मासिक आकडेवारी : देशाचा आकडा आणि सुंदरपेरुमाळ कोयिलमधील घर

गेल्या महिन्यात देशात किती नवी घरे बांधण्यास परवानगी देण्यात आली, हा प्रश्न अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात विचारला, तर काही आठवड्यांतच त्याचे उत्तर एका आकड्यात मिळते. भारतात तसे उत्तर मिळत नाही. घराचा नकाशा मंजूर करणाऱ्या कचेऱ्या येथे हजारो आहेत आणि त्यांच्याकडे नोंदीही आहेत. परंतु त्या सर्वांची बेरीज करून दर महिन्याला ती जाहीर करण्याची व्यवस्था रुजलेली नाही. शेती खालोखाल सर्वाधिक रोजगार देणाऱ्या बांधकाम क्षेत्राची ही स्थिती आहे. अशा आकडेवारीचा उपयोग काय, ती कशी वाचावी आणि भारतात ती का उभी राहू शकली नाही, हे समजून घेण्यासाठी एक लहानसे गाव डोळ्यासमोर ठेवणे सोयीचे ठरेल.

तमिळनाडूतील तंजावर–कुंभकोणम लोहमार्गावर पापनाशम आणि दारासुरम या स्थानकांच्या दरम्यान सुंदरपेरुमाळ कोयिल हे छोटे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे मंदिर. देवळाचे नाव तेच गावाचे नाव झाले आहे. हा कावेरीच्या खोऱ्यातील भाताचा मुलूख आहे. मराठी वाचकांना तो अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांपासून सुरू झालेले तंजावरचे भोसले घराणे १८५५ पर्यंत येथे होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच एका मराठी भाषक कुटुंबात झाला. अशा गावातील एखाद्या कुटुंबाने जुन्या घराच्या जागी पक्के घर बांधावयाचे ठरविले, तर त्या निर्णयाची नोंद कोठे होते आणि ती किती दूरवर जाते, हा या लेखाचा विषय आहे.

आकडा कसा तयार होतो

अमेरिकेत जनगणना विभाग आणि गृहनिर्माण व नागरी विकास खाते मिळून दर महिन्याला निवासी बांधकामाचे निवेदन प्रसिद्ध करतात. परवाने देणारी ठिकाणे तेथे सुमारे २० हजार आहेत. त्यांपैकी निवडक ठिकाणांकडून दर महिन्याला माहिती घेतली जाते आणि वर्षाअखेरीस सर्वांची. निवेदनात तीन स्वतंत्र आकडे असतात : मंजूर झालेले परवाने, प्रत्यक्ष सुरू झालेली घरे आणि बांधून पूर्ण झालेली घरे. ऑस्ट्रेलियात हेच काम तेथील सांख्यिकी कार्यालय करते आणि स्वतंत्र घरे व सदनिका यांचे आकडे वेगवेगळे देते. ही विभागणी महत्त्वाची आहे. स्वतंत्र घरांचा आकडा महिन्यागणिक फारसा उसळत नाही. मात्र एखाद्या मोठ्या शहरात दोन-तीन उत्तुंग इमारतींचे नकाशे एकाच महिन्यात मंजूर झाले, की सदनिकांचा आकडा एकदम वर जातो आणि पुढच्या महिन्यात तितकाच खाली येतो. त्यावरून तेजी-मंदीची भाकिते करणारे मथळे तेथील वृत्तपत्रांतही येतात आणि बहुधा महिन्याभरात विसरले जातात.

परवान्यांना इतके महत्त्व देण्याचे कारण उघड आहे. घर बांधणारा माणूस सिमेंट, लोखंड आणि विटा घेण्याआधी, गवंडी बोलावण्याआधी कचेरीत नकाशा घेऊन जातो. त्यामुळे पुढील सहा महिने ते वर्षभर कारखान्यांना किती मागणी राहील आणि मजुरांना किती काम मिळेल, याची पहिली चाहूल परवान्यांत लागते. अमेरिकेत अर्थव्यवस्थेची पुढील दिशा दाखविणाऱ्या निर्देशांकात घरबांधणी परवान्यांचा समावेश आहे तो याच कारणाने. तेथे सप्टेंबर २००५ मध्ये परवान्यांचे वार्षिक प्रमाण साडेबावीस लाखांच्या आसपास पोहोचले आणि त्यानंतर ते घसरू लागले. मंदीचा अधिकृत प्रारंभ मात्र डिसेंबर २००७ चा मानला जातो. म्हणजे पालिकांच्या नोंदवह्या दोन वर्षांहून अधिक काळ आधीपासून इशारा देत होत्या. २००९ च्या पूर्वार्धात हे प्रमाण पाच लाखांच्या थोडेसे वर इतके उतरले होते.

येथे ‘वार्षिक प्रमाण’ या शब्दाचा खुलासा आवश्यक आहे, कारण भारतीय वृत्तपत्रांत त्याचा अर्थ अनेकदा चुकतो. समजा, एखाद्या महिन्यात हंगामाचा परिणाम वजा करता १ लाख २० हजार परवाने दिले गेले. निवेदनात तो आकडा १४ लाख ४० हजार असा दिसेल. वर्षभर याच गतीने परवाने मिळत राहिले तर किती होतील, ते त्यात सांगितलेले असते. त्या महिन्यात १४ लाख घरे मंजूर झाली असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरी सावधगिरी खुद्द अमेरिकी जनगणना विभागच आपल्या निवेदनात सुचवितो. परवान्यांमधील खरा कल ओळखण्यास तीन महिने आणि सुरू झालेल्या घरांमधील कल ओळखण्यास सहा महिने लागू शकतात, असे तेथे नमूद केलेले असते. एका महिन्याच्या चढउतारावरून निष्कर्ष काढू नये, असे आकडा देणाराच सांगतो. ऐकणारे थोडे असतात.

हंगामाचा हिशेब

घरबांधणीला हंगाम असतो. बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्यात पाया खणता येत नाही, म्हणून जानेवारीचा आकडा जुलैच्या शेजारी तसाच ठेवून चालत नाही. मागील अनेक वर्षांचे आकडे पाहून प्रत्येक महिन्याचा नेहमीचा वाटा ठरविला जातो आणि तो काढून टाकल्यावर जे उरते त्याची तुलना केली जाते. यालाच हंगामी समायोजन म्हणतात.

भारतासाठी हा हिशेब करावयाचा झाल्यास पहिलाच प्रश्न असा येईल की, कोणता हंगाम? कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. त्या काळात पायाची कामे मंदावतात. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या परिसरात मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. महाराष्ट्रात दसऱ्याला कामाचा नारळ फुटतो, तेव्हा तेथे ढग जमू लागलेले असतात. दोन्ही प्रदेशांची बेरीज केली की, एकाची मंदी दुसऱ्याच्या तेजीत बुडून जाते. देशाचा आकडा सपाट दिसेल आणि त्याखाली दोन वेगळ्या लाटा चालू राहतील.

शिवाय पंचांगाचा हंगाम आहेच. आपल्याकडे पितृपक्षात घराचे व्यवहार टाळले जातात आणि गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांना नोंदणीची गर्दी होते. तमिळ परंपरेत आडी महिना, म्हणजे साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, आणि डिसेंबरच्या मध्यापासूनचा मार्गळी महिना गृहप्रवेशासाठी वर्ज्य मानला जातो. पोंगलबरोबर तै महिना लागला की, थांबलेली कामे एकदम मार्गी लागतात. शुभ दिवशी दस्त नोंदणीसाठी होणारी गर्दी लक्षात घेऊन तमिळनाडूचा नोंदणी विभाग जादा टोकन देतो. चांद्र पंचांगातील सण इंग्रजी महिन्यांत पुढेमागे सरकतात, त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीचे समायोजन येथे जसेच्या तसे लावता येत नाही.

सरकारी निर्णयांमुळेही महिन्याचा आकडा वाकतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले. ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत होती. परिणामी डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक घरांच्या दस्तांची नोंदणी झाली. टाळेबंदीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या शहरात घरांची मागणी एकाएकी उसळली, असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरले असते. पुढे घ्यावयाची घरे लोकांनी आधी घेतली होती. एप्रिल २०२० मध्ये देशातील सिमेंटचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ८५ टक्क्यांनी घटले आणि एप्रिल २०२१ मध्ये ते काहीशे टक्क्यांनी वाढले. दोन्ही आकडे बरोबर होते. दुसऱ्याने मात्र पहिल्याची पोकळी भरून काढण्यापलीकडे काहीही सांगितले नाही.

भारताचे प्रयत्न

भारतात या विषयाकडे लक्ष दिले गेले नाही, असे म्हणता येणार नाही. गृहनिर्माणाची आकडेवारी संकलित करणारी राष्ट्रीय इमारत संघटना १९५४ साली स्थापन झाली. शहरांतून मंजूर झालेले नकाशे आणि पूर्णत्वाचे दाखले यांची माहिती राज्यांमार्फत तिच्याकडे यावी, अशी अपेक्षा होती. पालिका वेळेवर माहिती पाठवीत नाहीत, हे दुखणे जवळजवळ तितकेच जुने आहे. माहिती पाठविणाऱ्या कारकुनाला तिचा काही उपयोग नसतो. न पाठविल्यास काही बिघडतही नाही. अमेरिकी बाजारात ज्या आकड्यावर व्याजदर हलतात, तो आपल्याकडे एखाद्या कपाटातील नोंदवहीत राहतो, त्याचे कारण बरेचसे एवढेच आहे.

रिझर्व्ह बँकेने या दशकाच्या नव्हे, तर मागच्या पिढीच्या या प्रश्नाला हात घातला आणि घरबांधणी प्रारंभ निर्देशांक तयार करण्यासाठी प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार गट नेमला. त्याचा अहवाल २००९ साली आला. परवान्यांच्या नोंदी हाच निर्देशांकाचा पाया धरावा आणि परवाना मिळाल्यानंतर प्रत्यक्षात किती घरे किती काळाने सुरू होतात, हे स्वतंत्र पाहणीने ठरवावे, असा त्यामागील विचार होता. तो योग्यच होता. काही शहरांपुरता निर्देशांक तयारही झाला, परंतु दर महिन्याला वाट पाहिली जावी असे स्थान त्याला मिळाले नाही.

मग अर्थतज्ज्ञ भारतातील घरबांधणीचा अंदाज कशावरून बांधतात? आठ प्रमुख उद्योगांच्या मासिक निर्देशांकातील सिमेंट आणि पोलाद यांवरून, रिझर्व्ह बँकेच्या मासिक पतपुरवठ्याच्या तक्त्यातील गृहकर्जावरून आणि काही राज्यांतील दस्त नोंदणीवरून. घरांच्या किमतींचे निर्देशांक राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आणि रिझर्व्ह बँक देतात, पण ते तिमाही असतात. राष्ट्रीय उत्पन्नातील बांधकामाचा हिस्सादेखील मुख्यतः सिमेंट-पोलादाच्या वापरावरून काढला जातो. यात एक अडचण आहे. सिमेंटची गोणी घरात गेली, धरणात गेली की महामार्गाच्या पुलात गेली, हे गोणी सांगत नाही.

परवाना म्हणजे घर नव्हे

महाराष्ट्रातील वाचकांना हे टप्पे परिचित असतील : नकाशा मंजुरी, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार मिळालेली परवानगी एक वर्ष वैध असते आणि मुदतवाढ धरून ती एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अशी मानीव परवानगी आकडेवारीत कोठे धरावी? आणि चार वर्षे कागदावरच राहिलेले घर? परवान्यांच्या आकड्यामागे असे प्रश्न उभे असतात. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेतही मंजूर झालेली, काम सुरू झालेली आणि पूर्ण झालेली घरे असे वेगवेगळे आकडे दिले जातात. भाषणात बहुधा यांतील सर्वांत मोठा ऐकू येतो.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. असंख्य घरे परवान्याशिवायच उभी राहतात. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांवरील वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. तमिळनाडूचा अनुभव निराळा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये मंजुरी नसलेल्या भूखंडांच्या नोंदणीस मनाई केली, तेव्हा राज्यभर व्यवहार अडले. २०१७ साली शासनाने नियमितीकरणाची योजना आणली. २० ऑक्टोबर २०१६ पूर्वी विकले गेलेले भूखंड असलेली रेखांकने तिच्या कक्षेत घेण्यात आली. अशा काळात परवान्यांचा आकडा फुगतो, पण त्यात नवे घर एकही नसते. आधीच उभ्या असलेल्या भिंतींना केवळ कागद मिळालेला असतो.

कागद नसल्याची किंमत काय असते, हे मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी दिसले. बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. आणि कुंभकोणमचे नाव तर या संदर्भात कोणीही विसरू शकत नाही. १६ जुलै २००४ रोजी सकाळी तेथील एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. सुंदरपेरुमाळ कोयिलपासून हे ठिकाण काही किलोमीटरवर आहे. इमारतीचा परवाना, तिची तपासणी, तीत किती मुलांना बसविता येईल याची मर्यादा, बाहेर पडण्याचा जिना, हे सारे शब्द त्या दिवसानंतर कचेरीच्या भाषेतून घराघरांत गेले. राज्य शासनाने शाळांवरील गवती छपरे काढून टाकण्याचे आदेश दिले. जुलै २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने २१ आरोपींपैकी १० जणांना दोषी ठरविले. घरबांधणी परवान्याकडे केवळ अर्थव्यवस्थेचा मापदंड म्हणून पाहणाऱ्यांनी या गावाची आठवण ठेवणे बरे. परवान्याची मूळ उत्पत्ती मोजणीसाठी झालेली नाही. आत राहणारा माणूस सुखरूप राहावा यासाठी झाली आहे.

गावातील घराचा प्रवास

आता सुंदरपेरुमाळ कोयिलमधील आपल्या कल्पित कुटुंबाकडे वळू. तमिळनाडूत १९७१ चा नगर व ग्रामनियोजन कायदा लागू आहे आणि बांधकामाचे नियम २०१९ साली एकत्रित करण्यात आले. गावातील साध्या घराला ग्रामपंचायतीची परवानगी लागते; मोठ्या बांधकामांसाठी नगर व ग्रामनियोजन संचालनालयाची नियोजन परवानगीही घ्यावी लागते. २२ जुलै २०२४ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी स्वयंप्रमाणन योजना सुरू केली. २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ३,५०० चौरस फुटांपर्यंतचे घर बांधावयाचे असल्यास मालकाने संकेतस्थळावर माहिती व कागदपत्रे भरावयाची, शुल्क जमा करावयाचे आणि परवानगी तत्काळ उतरवून घ्यावयाची. आधी तपासणी नाही, कचेरीत हेलपाटे नाहीत. महाराष्ट्रातही २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांना अशाच प्रकारची सवलत देण्यात आली आहे.

मोजणीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. प्रत्येक परवानगीला क्रमांक, तारीख, क्षेत्रफळ आणि ठिकाण असते. महिनाअखेरीस बेरीज करण्यास संगणकाला क्षणही लागू नये. तरीही ही बेरीज राज्याच्या संगणकावरच राहते. शेजारच्या कर्नाटकची नोंद निराळ्या रचनेत, महाराष्ट्राची आणखी निराळ्या. घराची व्याख्या, मजल्यांची वर्गवारी, दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांतील फरक, हे सर्व राज्यांनी एकाच नमुन्यात भरल्याशिवाय देशाचा मासिक आकडा तयार होणार नाही. जमीन आणि नगररचना हे राज्यांचे विषय असल्याने केंद्राला विनंती करता येते, सक्ती सहजी करता येत नाही. शिवाय स्वयंप्रमाणनात मोजली जाते ती मालकाची घोषणा. तपासणी कमी करीत गेल्यास आकडा जलद मिळेल, पण तो कशाचा आकडा आहे हे दरवेळी सांगावे लागेल. कुंभकोणमच्या परिसरात तर हा प्रश्न हलका मानता येणार नाही.

कुटुंबाची ऐपत बेताची असेल, तर त्याचे घर वेगळ्याच वहीत नोंदले जाईल. २०३० पर्यंत राज्य झोपडीमुक्त करण्यासाठी तमिळनाडू शासनाने २०२४ साली ‘कलैञर कनवु इल्लम’ ही योजना जाहीर केली. तीत ३६० चौरस फुटांच्या पक्क्या घरासाठी साडेतीन लाख रुपये दिले जातात आणि एकूण आठ लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट आहे. या पट्ट्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ पाहिले आहे. गवती आणि पत्र्याची छपरे त्या वाऱ्यात किती काळ टिकतात, हे येथील लोकांना सांगावे लागत नाही. अशा योजनेतील घरे परवान्यांच्या आकड्यात येणार की केवळ योजनेच्या प्रगती अहवालात, यावर देशाचे चित्र बरेच बदलू शकते. कारण घरांची खरी टंचाई याच थरात आहे. २०१२ सालासाठी तज्ज्ञगटाने शहरी भागातील टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची असल्याचा अंदाज केला होता आणि तीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा वाटा ९५ टक्क्यांहून अधिक होता. २०११ च्या जनगणनेत मात्र देशभर सुमारे २ कोटी ४७ लाख घरे रिकामी आढळली होती. म्हणजे परवाने वाढले, इमारती उभ्या राहिल्या, तरी घर हवे असलेल्या माणसाला ते मिळालेच असे नाही. कोणत्या आकाराच्या घरांना परवाने मिळाले, हे महिन्याच्या बेरजेइतकेच आवश्यक आहे.

तूर्त देशातील प्रत्येक घर मोजणारी एकच यंत्रणा आहे आणि ती म्हणजे जनगणना. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ ठरविण्यात आली आणि तिच्या घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ राखण्यात आला. सुंदरपेरुमाळ कोयिलमधील घराचे छत कशाचे आहे, भिंती कशाच्या आहेत, खोल्या किती आहेत आणि त्यात कोणी राहते की ते बंद आहे, हे प्रगणक दारात उभा राहून लिहून घेतो. त्यासाठी घर आधी बांधून झालेले असावे लागते.